स्वस्त पोर्टेबल स्कोप: कोणता घ्यावा आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्डुइनो आणि ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर छंद म्हणून काम चालतं, अधूनमधून ओळखीतल्यांचे अॅम्प्लिफायर आणि पॉवर सप्लाय दुरुस्तीला येतात. घरात जागा कमी, म्हणून ड्रॉवरमध्ये मावणारा स्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, हवा आहे. बजेट पाच हजार, ताणलं तर पंधरा. ऑनलाइन '१०० मेगाहर्ट्झ' लिहिलेला टॅबलेटसारखा स्कोप बजेटच्या जरासाच वर दिसतोय, तो घ्यावा का? की सरळ जुना सीआरओ, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला अॅनालॉग स्कोप, शोधावा?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तो टॅबलेट घेऊ नका. एकतर दीड-दोन हजारांच्या आसपास मिळणारा डीएसओ१३८ किंवा डीएसओ१५० घ्या आणि त्याची हद्द पक्की लक्षात ठेवा. नाहीतर थोडं थांबा, पैसे साठवा आणि हॅनटेक २डी४२, २डी७२ किंवा ओवॉन एचडीएस२४२ या वर्गातला दोन चॅनेलचा हॅन्डहेल्ड घ्या. पहिला स्कोप आपली बँडविड्थ, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचा सिग्नल तो नीट दाखवतो ती हद्द, २०० किलोहर्ट्झ आहे हे कबूल करतो. दुसऱ्या वर्गातले ४० किंवा ७० मेगाहर्ट्झ म्हणतात आणि साधारण तेवढं देतात. मधल्या किमतीत मोठ्या पडद्याची, मोठ्या आकड्यांची जी गर्दी आहे तिथे खोक्यावरचा आकडा आणि आतलं सर्किट यांची भेट क्वचितच होते.

स्वस्त स्कोपची खरी अडचण एखादी गोष्ट दिसत नाही ही नाही. न दिसणारी गोष्ट आपल्याला कळते आणि आपण दुसरा उपाय शोधतो. अडचण ही की तो चुकीचं चित्र अगदी स्थिर, स्वच्छ रेषेत काढून दाखवतो आणि आपण त्यावरून निदान करून मोकळे होतो. म्हणून मॉडेलपेक्षा 'हा कुठे खोटं बोलतो' यावरच जास्त लिहिणार आहे.

डीएसओ१३८ पासून सुरू करू. जेवायई टेक या चिनी कंपनीचं हे किट. आत एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर आहे आणि सॅम्पलिंगसाठी, म्हणजे व्होल्टेज पुन्हा पुन्हा मोजायला, त्याच्याच पोटातला १२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वापरलाय, म्हणून वेग सेकंदाला १० लाख सॅम्पल, म्हणजे १ मेगासॅम्पल. एकच चॅनेल, २.४ इंची पडदा, ९ व्होल्टचा सप्लाय, १०२४ पॉइंटची मेमरी, इनपुटला जास्तीत जास्त ५० व्होल्ट पीक. सोल्डरिंगचा सराव असेल तर किट घ्या, एक संध्याकाळ मजेत जाते. डीएसओ१५० हे त्याचंच डब्यात बसवलेलं भावंड. नक्कल बाजारात भरपूर आहे. नकली बोर्डवर मूळ कंपनीचं फर्मवेअर चढवायला गेलात तर ते चालेलच असं नाही, तेव्हा चालू आहे ते फर्मवेअर उगाच उचकू नका.

आता २०० किलोहर्ट्झमध्ये काय काय येतं ते बघा. सर्व्होचा सिग्नल: दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा पल्स. आर्डुइनो उनोचा पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा पल्स): ४९० हर्ट्झ, पाच आणि सहा नंबरच्या पिनवर ९८० च्या आसपास. टीव्हीच्या रिमोटचं ३८ किलोहर्ट्झ. ९६०० बॉडचा सिरियल डेटा, ज्यात एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. बटणाचं बाउन्स. ऑडिओ तर संपूर्ण, २० किलोहर्ट्झपर्यंत. अॅम्प्लिफायरचं क्लिपिंग (लाटेचे माथे कापले जाणं), क्रॉसओव्हरची शून्यापाशी पडणारी खाच, सप्लायमधून शिरणारा १०० हर्ट्झचा हम, हे सगळं या छोट्या पडद्यावर नीट कळतं.

आणि ईएसपी३२ वापरणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्टही कळते, ती म्हणजे वायफाय सुरू होताना बसणारा ३.३ व्होल्टचा खड्डा. मल्टिमीटर ३.२९ दाखवत राहतो आणि बोर्ड मात्र 'ब्राउनआउट' (सप्लाय घसरला) म्हणून रिसेट होत राहतो. या चिपसाठी सप्लाय किमान ५०० मिलिअँपिअर देणारा असावा अशी उत्पादकाचीच सूचना आहे. तिथे आपण पातळशी यूएसबी केबल, त्यापुढे एएमएस१११७ रेग्युलेटर आणि ब्रेडबोर्डच्या सैल पट्ट्या लावतो. एएमएस१११७ ला भाराखाली इनपुट-आउटपुटमध्ये व्होल्टभराहून अधिक फरक लागतो. केबलमध्ये अर्धा व्होल्ट गेला की तो काठावर येतो. स्कोप डीसी कपलिंगवर ठेवा, ट्रिगर (चित्र कधी पकडायचं ती अट) सिंगल, उतरती कड, पातळी ३ व्होल्टच्या जरा खाली, आणि बोर्ड चालू करा. खड्डा पकडला गेला की मॉड्यूलच्या अगदी पायाशी १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून तेच पुन्हा बघा. या एका कामासाठीसुद्धा दोन हजारांचा स्कोप वसूल होतो, असं माझं मत आहे.

आता खोटेपणाकडे येऊ. पहिलं खोटं वेळेचं. बँडविड्थवरून स्कोपचा स्वतःचा राइज टाइम (कड चढायला लागणारा वेळ) काढता येतो: ०.३५ भागिले बँडविड्थ. २०० किलोहर्ट्झला तो १.७५ मायक्रोसेकंद येतो. म्हणजे समोरची कड कितीही ताठ असली तरी हा स्कोप ती पावणेदोन मायक्रोसेकंदांची चढण म्हणूनच दाखवणार. आयटूसीच्या, म्हणजे चिपा दोन तारांवर एकमेकींशी बोलतात त्या लाइनवर हे नेमकं नडतं. १०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला १ मायक्रोसेकंदापर्यंतचा राइज टाइम चालतो. तुमच्याकडे ४.७ किलोओहमचे पुलअप (लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर) आणि आखूड वायरी असतील तर खरी कड अर्ध्या मायक्रोसेकंदाची असेल, काहीच बिघडलेलं नसेल. डीएसओ१३८ मात्र १.८ दाखवेल, कारण दोन्ही वेळांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ तो दाखवतो आणि त्यात त्याचा स्वतःचाच वाटा मोठा. मग माणूस पुलअप बदलत बसतो. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला मर्यादा ३०० नॅनोसेकंद आहे, तिथे तर हा स्कोप काढूच नका.

दुसरं खोटं जास्त बेरकी आहे, ते म्हणजे एलियासिंग: सॅम्पल कमी पडले की दिसणारी खोटी, संथ लाट. मेमरी १०२४ पॉइंटची, म्हणजे तुम्ही टाइमबेस (पडद्याच्या एका घरात किती वेळ मावतो ते) जितका संथ कराल तितका सॅम्पलिंगचा वेग आपोआप उतरतो. पूर्ण रेकॉर्ड एका सेकंदाचं केलंत तर सेकंदाला जेमतेम १०२४ सॅम्पल. आता त्यावर आर्डुइनोच्या पाच नंबर पिनचा पीडब्ल्यूएम लावा. त्याची नेमकी फ्रिक्वेन्सी ९७६.५६ हर्ट्झ, म्हणजे १६ मेगाहर्ट्झ भागिले ६४ भागिले २५६. पडद्यावर दिसेल ती दोहोंतली वजाबाकी, साधारण ४७ हर्ट्झ. आपल्याकडचा मेन्स ५० हर्ट्झचा, त्यामुळे पाहणारा ताबडतोब म्हणणार, 'अरे, मेन्सचा हम येतोय,' आणि ग्राउंड वायरी जाड करायला घेणार. हम कुठेच नसतो.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त सवय लावून घ्यायची. कुठलंही चित्र खरं मानण्याआधी टाइमबेस दोन-तीन घरं वेगवान करून बघा. खरा सिग्नल पडद्यावर पसरतो, पण त्याची मोजलेली फ्रिक्वेन्सी तीच राहते. खोटा असेल तर फ्रिक्वेन्सीच बदलते किंवा वेगळंच काहीतरी उगवतं. अनोळखी सर्किटवर नेहमी सर्वांत वेगवान टाइमबेसपासून सुरुवात करून संथ होत जावं, उलट कधीच नाही. 'ऑटो' बटणाची सवय असलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. असो.

मेमरीचा प्रश्न महागड्या हॅन्डहेल्डमध्येही सुटलेला नाही, हे ते घेण्याआधी माहीत असू द्या. हॅनटेक २डी७२ एका चॅनेलवर २५० मेगासॅम्पल घेतो, दोन्ही चालू केले की १२५. मेमरी ६ हजार पॉइंट. पूर्ण वेगाने ती २४ मायक्रोसेकंदांत भरते. ११५२०० बॉडवर एक बाइट जायलाच ८७ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे पूर्ण वेगात एक अक्षरसुद्धा पुरतं सापडत नाही, टाइमबेस संथ करावाच लागतो. ओवॉनची मेमरी ८ हजार, फार फरक नाही. म्हणून डिजिटल डेटा वाचायचं काम स्कोपच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी आठ चॅनेलचा, २४ मेगासॅम्पलचा यूएसबी लॉजिक अॅनलायझर काही शे रुपयांत मिळतो आणि सिग्रॉकचं पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्याकडून आयटूसी, एसपीआय, सिरियल सगळं उलगडून दाखवतं. स्कोपने सिग्नलची तब्येत बघायची आणि अॅनलायझरने मजकूर वाचायचा. डीएसओ१३८ आणि हा अॅनलायझर ही जोडी पाच हजारांच्या आत बसते, आणि तुमच्या निम्म्याहून अधिक कामाला पुरते.

आता तो १०० मेगाहर्ट्झचा टॅबलेट. अशा एका लोकप्रिय मॉडेलवर १ गिगासॅम्पल छापलेलं असतं. हौशी लोकांनी ते उघडून सर्किट उलगडलं तेव्हा आत १०० मेगासॅम्पलच्या वर्गातल्या एडीसी चिप निघाल्या, आणि चॅनेलमागे खरा वेग २०० मेगासॅम्पलच्या घरातला भरला. बाकीचे पॉइंट सॉफ्टवेअर मधे भरतं. बँडविड्थ तर एडीसीच्याही आधी, इनपुटच्या अॅम्प्लिफायरमध्ये आणि अॅटेन्युएटरमध्ये (सिग्नल लहान करणाऱ्या भागात) ठरते. तिथे पैसे वाचवले की पडद्याचा आकार कितीही असो, ३० मेगाहर्ट्झच्या पुढे सिग्नल बसकण मारतो. ३० मेगाहर्ट्झचा स्कोप वाईट नसतो. पण किती मेगाहर्ट्झचा आहे हेच ठाऊक नसलेला स्कोप निदानाला काय कामाचा?

कोणताही स्कोप घरी आला की ही तपासणी स्वतः करता येते. ७४एसी१४ ही शंभर रुपयांच्या आतली इन्व्हर्टर चिप घ्या, तिच्या व्हीसीसी पिनला लागून ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा आणि ईएसपी३२ मधून १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल तिला द्या. तिच्या आउटपुटची कड दोन-तीन नॅनोसेकंदांची असते. ती स्कोपवर दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत मोजा. १०० मेगाहर्ट्झचा दावा खरा असेल तर चार-साडेचार नॅनोसेकंद यायला हवेत. बारा आले तर तुमच्या हातात साधारण ३० मेगाहर्ट्झचं यंत्र आहे. दुसरी तपासणी: प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावून सर्वांत संवेदनशील रेंज निवडा. जो गोंधळ दिसेल तो स्कोपचा स्वतःचा, त्याहून लहान रिपल (सप्लायच्या व्होल्टेजवरची लहर) तुम्हाला कधीच मोजता येणार नाही. तिसरी: नवा सेल मल्टिमीटरने आणि स्कोपने मोजून बघा. तीन-चार टक्क्यांचा फरक सोडून द्या, स्कोप हा काही व्होल्टमीटर नाही.

प्रोबबद्दल दोन शब्द, कारण चांगल्या स्कोपचं मातेरं तिथेच होतं. छोट्या किटबरोबर येणारी क्रोकोडाइल क्लिपांची केबल ऑडिओपुरती ठीक. बाकी कामाला १एक्स-१०एक्सचा (सिग्नल जसाच्या तसा किंवा दहावा भाग करून देणारा) साधा पी६१०० जातीचा प्रोब घ्या आणि तो १०एक्सवरच ठेवून विसरून जा. १एक्सवर त्याची बँडविड्थ जेमतेम ६ मेगाहर्ट्झच्या आसपास राहते आणि केबलची शंभरेक पिकोफॅरॅड कपॅसिटन्स सर्किटवर लादली जाते. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला दोन्ही बाजूंना २२ पिकोफॅरॅडचे कपॅसिटर असतात, तिथे हा भार पडला की ऑसिलेटर बंदच पडू शकतो. १०एक्सवर भार पंधराएक पिकोफॅरॅडवर येतो. प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन सिग्नलचे कोपरे चौकोनी करून घ्या, हे प्रत्येक स्कोपसाठी नव्याने करावं लागतं. स्विचिंग सप्लायचा रिपल बघताना ती लांब काळी ग्राउंड वायर काढून टोकाशी स्प्रिंग लावा. नाहीतर ती वायर अँटेनाचं काम करते आणि दिसणारे निम्मे काटे सप्लायचे नसतातच.

दुरुस्तीचं काम करता म्हणालात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा. आपल्याकडचा मेन्स २३० व्होल्ट म्हणजे आरएमएस, पीक ३२५ व्होल्ट. '१०एक्स प्रोब लावला की ५० चे ५०० व्होल्ट झाले, मग घरचा प्लग का पाहू नये?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. गणित बरोबर आहे, पण धोका टोकाला नसून क्लिपला आहे. प्रोबची ग्राउंड क्लिप म्हणजे स्कोपच्या बीएनसीचं (प्रोब जोडायच्या सॉकेटचं) बाहेरचं धातूचं कडं, आणि तेच यूएसबी सॉकेटचं कवच. टेबलावरच्या प्लगवाल्या स्कोपमध्ये ते अर्थला जोडलेलं असतं, त्यामुळे क्लिप चुकीच्या जागी लागली की आवाज होतो, एमसीबी पडतो आणि धडा मिळतो. बॅटरीवरच्या हॅन्डहेल्डमध्ये आवाजच होत नाही. क्लिप एसएमपीएसच्या (स्विचिंग सप्लायच्या) प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सला थेट जोडलेल्या बाजूच्या, निगेटिव्हला लावली तर अख्खा स्कोप गुपचूप त्या पातळीवर चढतो आणि तो तुमच्या हातात असतो. ब्रिज रेक्टिफायरनंतरचा तो निगेटिव्ह अर्थच्या तुलनेत शेकडो व्होल्ट हलत असतो. एलईडी बल्बच्या बहुतेक स्वस्त ड्रायव्हरमध्ये आयसोलेशनच नसतं, तिथे संपूर्ण बोर्ड हीच प्रायमरी.

दुरुस्तीवाल्यांच्या एका समजुतीला इथे हात घालतो. सिरीज लॅम्प (मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावला की सुरक्षित, असं मानलं जातं. सिरीज लॅम्प शॉर्ट असलेल्या बोर्डला वाचवतो. माणसाला घातक ठरायला तीस-चाळीस मिलिअँपिअर पुरतात आणि ते बल्बमधून सहज जातात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सर्किट मेन्सपासून अलग करणारा) आणि डिफरेन्शियल प्रोब (ग्राउंड क्लिपशिवाय दोन बिंदूंतला फरक मोजणारा) ही दोन्ही साधनं हाताशी नसतील तोवर स्कोप प्रायमरीला लावूच नका. सेकंडरी बाजू, आउटपुटचा रिपल, फीडबॅक यावरूनही पुष्कळ दोष कळतात. मेन्सचा आकारच पाहायचा असेल तर लोखंडी गाभ्याचा २३०/९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याच्या सेकंडरीवर बघा. घरच्या इन्व्हर्टरचा आउटपुट खरंच साइन आहे की पायऱ्यांचा, हेही तसंच दिसेल. मोजमाप चालू असताना हॅन्डहेल्ड लॅपटॉपवरून चार्जिंगला लावू नका, त्याचं तरंगणं, म्हणजे अर्थपासून सुटं असणं, तिथेच संपतं. बहुतेक स्वस्त हॅन्डहेल्डमध्ये दोन्ही चॅनेलचं ग्राउंड आतून एकच असतं, तेव्हा दोन क्लिपा दोन वेगळ्या व्होल्टेजला लावणं म्हणजे ते दोन बिंदू शॉर्ट करणं. इनपुट एकमेकांपासून अलग असलेले स्कोप असतात, फ्लूकचा १९० मालिकेतला स्कोपमीटर तसाच आहे, पण त्याची किंमत लाखांत.

अॅम्प्लिफायरवाल्यांसाठी आणखी एक. पीएएम८४०३, टीपीए३११६ किंवा कार स्टीरिओमधल्या चिपांमध्ये स्पीकरची काळी वायर ग्राउंड नसते, तीही एक जिवंत आउटपुट असते. स्कोप आणि अॅम्प्लिफायर एकाच सप्लायवर असताना क्लिप तिला लावलीत तर चिप जाईल. क्लिप सप्लायच्या ग्राउंडला लावा, दोन्ही आउटपुट दोन चॅनेलवर घ्या आणि वजाबाकीचं फंक्शन वापरा. फक्त एवढ्यासाठीसुद्धा दोन चॅनेल असावेत.

पंधरा हजारांपर्यंत जायचं ठरलंच तर हॅन्डहेल्डची जमेची बाजू ही: दोन चॅनेल, खरी बँडविड्थ, आत मल्टिमीटर, आणि हॅनटेकच्या 'डी' किंवा ओवॉनच्या 'एस' मॉडेलमध्ये सिग्नल जनरेटरही. फिल्टर, अॅम्प्लिफायर तपासायला तो फार उपयोगी. पडदा ओवॉनचा मोठा आहे, ३.५ इंची. हॅनटेकचा २.८. चष्मा लागलेल्यांनी ओवॉनच घ्यावा. लॅपटॉप सतत समोर असेल तर हॅनटेक ६०२२बीई हा यूएसबी स्कोप स्वस्त पडतो: २० मेगाहर्ट्झ, ४८ मेगासॅम्पल, आणि ओपनहॅनटेक हे मोफत सॉफ्टवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं. फक्त त्याचं ग्राउंड म्हणजे तुमच्या लॅपटॉपचं ग्राउंड, तेव्हा दुरुस्तीच्या कामाला तो नको.

राहिला जुना सीआरओ. पोर्टेबल तो कुठूनच नाही, दोन्ही हातांनी उचलावा लागतो. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विचारत फिरलात, किंवा एखाद्या पॉलिटेक्निकची भंगारविक्री लागली, तर २० किंवा ३० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा सीआरओ छोट्या हॅन्डहेल्डहून कमी पैशांत मिळून जातो. त्यात सॅम्पलिंगच नाही, म्हणून एलियासिंगही नाही. मात्र एकदाच घडणारी गोष्ट तो धरून ठेवू शकत नाही, म्हणजे वर सांगितलेला वायफायचा खड्डा त्यावर डोळ्यांना सापडणार नाही. जागा असेल तर डीएसओ१३८ च्या जोडीला तो उत्तम.

घेताना मात्र दुकानातच चालवून बघा. पंधरा मिनिटं तापू द्या आणि रेषा सरकते का ते पाहा. ब्राइटनेस कमी ठेवूनही रेषा डावीपासून उजवीपर्यंत बारीक राहते का ते बघा. त्याच्याच कॅलिब्रेशनच्या पिनवर प्रोब लावून व्होल्ट प्रति डिव्हिजनचा प्रत्येक स्विच फिरवा. स्विच फिरवताना चित्र उड्या मारत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा सुधारतं, त्यासाठी भाव पाडून मागा. पण रेषा धूसर आणि जाड असेल, फोकसचं बटण फिरवूनही सुधारत नसेल, तर ट्यूब संपत आली आहे आणि ती बदलून मिळत नाही. प्लग लावून दाखवायला दुकानदार का-कू करत असेल तर पुढचं दुकान बघा.